खाणीपर्यंतचा रस्ता, सरळ खाली

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला राग आला. लोक सांगतात, डोळे भरून आले, हात आपोआप जोडले गेले. मी आपली पलीकडचा काठ शोधत उभी. बालाघाटची पोर मी. पाणी म्हणजे वैनगंगा, आणि वैनगंगेला दोन काठ असतात. इकडून हाक मारली की तिकडचा नावाडी ‘ओऽ’ देतो. केरळच्या त्या किनाऱ्यावर माझ्यासोबत संशोधन केंद्रात नव्यानं आलेला एक मुलगा उभा होता. त्याला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, की पलीकडे गाव कोणतं? तो इतका हसला, इतका हसला की खाली बसला. मग म्हणाला, "आफ्रिका." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण रोज संध्याकाळी एकटी जाऊन पुन्हा काठ शोधायची, हेही खरं.

मी तिथं पोहोचले कशी, ते आधी सांगते. ज्या वर्षी माझे बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्या वर्षी मी सहावीत होते. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी मायला सांगितलं, "पोट्ट्या शिकतीन. जिथवर शाळा हाये तिथवर शिकतीन." बाबा मँगनीजच्या खाणीत खाली, जमिनीच्या पोटात काम करायचे. माय वर, ढिगावर बसून हातोडीनं माल फोडायची आणि चांगला-वाईट वेगळा करायची. दोघंही रोज आमच्या वस्तीतून दीड कोस चालत जायचे आणि दीड कोस चालत यायचे. मी नागपूरला जाऊन दगडांचं शास्त्र शिकायला घेतलं, तेव्हा अख्खी वस्ती हसली. शेजारची आजी म्हणाली, "दगडं तं इथंच लय हायेत वो, त्याच्यासाठी नागपूरले काहून जावं लागते?" एम.एस्सी. झाले, शिष्यवृत्ती मिळाली आणि दगडांचं सोडून समुद्राच्या तळाचं शिकायला मी केरळला गेले. सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल. आता तर आजीनं हसायचंही सोडून दिलं. ती नुसती माझ्याकडे पाहून मान हलवायची.

तिथं गेल्यावर कळलं की बायांना जहाजावर नेत नाहीत. ‘सोय नाही’ म्हणायचे. बरं बाप्पा, नसेल सोय. जहाज बंदराला लागलं की त्यानं तळावरून खरडून आणलेला गाळ डब्याडब्यांतून आमच्या टेबलावर यायचा. मी तो चाळायची, धुवायची, वाळवायची, आणि उरलेल्या वेळात इंग्रजी शोधनिबंध वाचायची. सगळे आकडे तोंडपाठ. समुद्र किती खोल, पाणी किती खारं, तळाशी किती थंड, विचारा काहीही. सहा महिन्यांनी मला सगळ्यांसमोर बोलायला उभं केलं, तर मी अर्धा तास गाडी सुटल्यासारखी बोलले. शेवटी आमचे सर, माणूस फार शांत, त्यांनी एकच विचारलं. "पाच हजार मीटर म्हणजे किती?"

मी म्हटलं, पाच किलोमीटर.

"ते मलाही येतं. तुला ते किती वाटतं?"

मला असा संताप आला! वाटायचं काय त्यात? आकडा तो आकडा. पण खोलीवर येऊन रात्री अंथरुणावर पडले, आणि खरं सांगते, मला काहीच वाटत नव्हतं. पाच हजार काय, पन्नास हजार सांगितले असते तरी मी तेवढ्याच तोऱ्यात बोलले असते. समुद्र माझ्या तोंडात होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. हे कळलं तेव्हा मी पार खचले.

मग एक दिवस सरांनी माझ्या हातावर एक गोटा ठेवला. बटाट्याएवढा, काळा, खरबरीत. एका परदेशी जहाजानं हिंदी महासागराच्या तळावरून काढलेला. सर म्हणाले, मधून काप. मी बारीक करवतीनं पाणी टाकत टाकत कापायला बसले, आणि बघते तर माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. तो काळा रंग मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मायच्या हाताचा रंग तो, बाबांच्या बंडीचा रंग, आमच्या घरातल्या उशांचासुद्धा रंग. राखेनं घासा, साबणानं घासा, जात नाही म्हणजे नाहीच. मँगनीज! बालाघाटपासून कुठल्या कुठं, पाण्याखाली, जिथं माणूस कधी गेला नाही, तिथं आमच्या घरचा रंग पडून होता. माझ्या तोंडून एकदम निघालं, "वो माय!" सगळी प्रयोगशाळा माझ्याकडे पाहायला लागली.

आणि गोटा उघडला तर आत, अगदी मधोमध, एक दात. तपकिरी, चकचकीत, तिकोनी. शार्क माशाचा. सरांनी सांगितलं की मासा मेला, त्याचा दात तळाशी जाऊन पडला, आणि पाण्यात विरघळलेलं मँगनीज आणि लोखंड त्याच्यावर कणाकणानं बसत गेलं. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा थर बसायला लाखो वर्षं लागतात. हा गोटा वाढायला लागला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. मी त्या दातावर बोट ठेवलं. त्या दिवशी समुद्र पहिल्यांदा माझ्या तोंडातून खाली, पोटात उतरला.

गोट्याचा एक अर्धा भाग केंद्रात राहिला, दुसरा सरांनी मला दिला. म्हणाले, "घरी दाखव." त्यांना काय माहीत, मी कोणत्या घरी घेऊन चालले होते!

वैशाखात सुटी घेऊन मी बालाघाटला आले. घरात धाकट्या बहिणीच्या लग्नाची गडबड. पोरगा वस्तीतलाच, बाबांच्याच खाणीत, त्याच वर्षी परमनंट झालेला. दोघांचं आधीपासून एकमेकांवर मन होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्याला माहीत नाही असं सगळे दाखवत होते. जेठात लग्न धरलं होतं. बहीण इतकी खूश की पीठ मळता मळता गाणं म्हणायची आणि माय म्हणायची, "पिठात थुंकी पडून राह्यली तुही, बयताड पोट्टे."

मी गोटा बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो तोलला, उलटापालटा केला, दुपट्ट्यावर घासून पाहिला. "आपल्या मालापरीस हलका हाये. पण हाये मँगनीजच." मग मी सांगितलं की असे गोटे तळावर पसरलेत, कोसच्या कोस, नुसते उघड्यावर पडलेले. बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. दुसऱ्या दिवशी गोटा दुपट्ट्यात बांधून ते खाणीवर घेऊन गेले. पोरीचं कौतुक करायचं होतं त्यांना. ज्याला त्याला दाखवलं. "माह्या पोट्टीनं समुद्राच्या तळाचा माल आणला गा! तिथं खोदा लागत नाई, सुरुंग लागत नाई. पडून हाये. उचला आन् भरा."

दुसऱ्या कोणत्या गावात हे सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, वा, गंमत आहे. आमच्या वस्तीत ही गोष्ट पाळी सुटेपर्यंत नोटीस झाली. जिथं अख्खं गाव घण मारून मँगनीज काढतं, तिथं ‘खोदायची गरज नाही’ याचा अर्थ एकच. खाण बंद होणार. संध्याकाळी नळावर बाया हेच बोलत होत्या. एक म्हणे, हजेरी घेणारा टाईमकीपर सांगतो पाच साल. दुसरी म्हणे, छट्, दोनच साल. माय घरात येऊन धप्पकन बसली आणि मला म्हणाली, "आमच्या हातोड्या आता चुलीत घालाव का वो?"

आणि तिसऱ्या दिवशी होणारा जावई घरी आला. ओसरीच्या कडेला उभा राहिला, बसला नाही. बाबांना म्हणाला, "मी सोमवारी खाणीतून नाव काटून राह्यलो. रायपूरकडे सिमेंटच्या कामावर जातो. बंद पडाच्या खाणीत राहून काय करू? लगन एक-दोन साल थांबू."

बाबा मुळात फटकळ. त्यात ही आग आपणच लावली हे त्यांना कळत होतं, म्हणून जास्तच भडकले. "लागलेली नोकरी लाथाडते त्याले मी पोरगी देत नाई! परमनंट होयाले लोकाईची हयात जाते. एक-दोन साल म्हणे! तिकडे गेला का परत येते कोणी? जाय, काट नाव. पण मंग हे घरही काट."

तोही हट्टी. "ठीक हाये," म्हणाला आणि निघून गेला. जाताना त्यानं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं.

बहीण आत चुलीपाशी होती. रडली नाही. बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुह्या गोट्यानं माह्यं लगन फुटलं, बाई. मले तोच पाह्यजे. तू एवढी शिकली ना? मंग सांग त्याले. सोमवारच्या आत सांग."

शनिवार होता. त्याच संध्याकाळी मी वस्तीतल्या विहाराच्या पायरीवर उभी राहिले. वंदना झाली होती, लोक बसलेलेच होते, तोही मागे भिंतीला टेकून होता. मी बोलले हो, छान बोलले! पाच हजार मीटर खोली, पाण्याचा दाब, थर जमायची गती, काढण्याचा खर्च. लोक मान डोलावत होते. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात एक म्हातारे मजूर म्हणाले, "समजलं बाई. म्हंजे मोठी क्रेन लागीन." दुसरा म्हणाला, "अमेरिकेवाले चंद्रावर जाऊन राह्यले म्हणते. त्याईले समुद्र काय जड हाये?" सगळे म्हणाले, हौ ना, बरोबर. तो मागचा मागे उठून गेला.

घरी येऊन मी ताट बाजूला सरकवलं. म्हटलं, "या लोकाईले काही समजतच नाई."

मायनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "लोकाईले काहून बोलते? तू तिकडून जसं आणलं तसंच वाढून राह्यली. कच्चं. कोणाले पचीन?" मग ताट पुन्हा माझ्यासमोर ढकललं. "जेव आधी. उपाशी डोक्यानं काई सुचत नाई."

सोमवारी पहाटे बाबा डबा बांधत होते. मी जागीच होते. ते पायताण घालता घालता स्वतःशीच कुरकुरत होते, की पाय दुखून राह्यले, रोजचा दीड कोस जाऊन यायचं म्हणजे काय कमी हाये. दीड कोस! मी उठून बसले. दीड कोस म्हणजे पाच हजार मीटर, थोडं इकडे थोडं तिकडे. मला जे वाटत नव्हतं ते या लोकांना रोज वाटत होतं, पायांना, पोटऱ्यांना. मी तशीच, केस न विंचरता, गोटा पदराला बांधून त्यांच्यामागे धावले.

विहारापाशी पहिल्या पाळीची वीस-पंचवीस माणसं जमली होती, सायकली हातात, डबे खांद्याला. होणारा जावईही होता, पण डबा नव्हता त्याच्याजवळ. नाव काटून परत यायचं तर डबा कशाला?

"मी बी येते खाणीपर्यंत," मी म्हटलं.

"तू? काहून?" बाबा.

"समुद्र दाखवाले."

हसले सगळे. मी म्हटलं, हसा, पण सोबत चला. "हे विहाराचं दार म्हंजे समुद्राचं वरचं पाणी. इथं लाटा, उजेड, नावा. आता आपण रोजच्या रस्त्यानं चालून राह्यलो, पण असं समजा का हा रस्ता आडवा नाई. सरळ खाली जाते."

वस्तीच्या टोकाला हातपंप होता. चार घरं ओलांडली की आलाच. मी तिथं थांबले. "इथं संध्याकाळ झाली. हिरवं, लाल काई दिसत नाई. सगळं निळं आन् मंग काळसर. मिणमिण उजेड उरला."

"इतक्या लवकर?" कोणीतरी म्हणालं.

"हौ. आता आपली खाण घ्या. आपला सगळ्यात खालचा लेव्हल या हिशोबानं कुठं येईन?"

त्यांनी आपसात वाद घातला. कोणी म्हणे पंपाच्या जरा पुढं, कोणी म्हणे त्या चिंचेपाशी. ठीक, चिंच म्हणू. चिंचेखाली सगळे थांबले आणि मागे वळून पाहायला लागले. विहाराचा पत्रा अजून दिसत होता. घरातल्या बाया झाडझूड करताना दिसत होत्या. आयुष्यभर ज्या खोलीला हे लोक भ्यायले, जिथून काही जण परत आले नव्हते, ती खोली इथं संपली होती. आणि पुढे रस्ता होता, आणि रस्ता किती आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बाबांनी डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

चहाच्या टपरीपाशी मी सांगितलं, "इथून पुढं सूर्याचा एक किरण गेला नाई. आज नाई, काल नाई, जेव्हापासून समुद्र हाये तेव्हापासून नाई."

"मंग तिथं काई जगत नसन," बाबा म्हणाले.

"जगते ना. काही मासे सोताचा दिवा सोताच्या अंगावर घेऊन फिरतात. एकाच्या तं कपाळावर असते, पुढं लोंबणारा."

"आपल्यासारखा!" एक जण ओरडला. "टोपीवर दिवा!" सगळे खो खो हसले, आणि मीही हसले, कारण इतके दिवस त्या माशाचं लॅटिन नाव घोकूनही मला हे सुचलं नव्हतं. मग हसू हळूहळू विरलं. तो दिवा त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या पलीकडचा अंधारही.

छोट्या लाईनच्या रेल्वे फाटकाशी मी थंडीचं सांगितलं, वैशाखातसुद्धा बर्फाच्या पाण्यासारखं गार. धानाच्या रिकाम्या बांध्यांमधून रस्ता जातो तिथं पाण्याच्या ओझ्याचं सांगितलं, की अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर भरलेली बैलगाडी उभी करा. एकानं चालता चालता आपल्या नखाकडे पाहिलं. पुढं सांगितलं की वर जे काही मरतं त्याचा चुरा खाली पडत राहतो, भुरभुर, अष्टौप्रहर, आणि तळाचे जीव तेवढ्यावर जगतात. वरून पडेल ते. बाबा म्हणाले, "गरिबाचंच घर म्हणा." पण ते थट्टेनं बोलले नाहीत.

कोणी सायकलवर बसलं नाही. रोज हे लोक गप्पा मारत, बिड्या ओढत जायचे; त्या दिवशी नुसता पायांचा आवाज येत होता. दर थोड्या वेळानं कोणीतरी विचारायचं, "अजून?" आणि मी म्हणायची, "अजून." मला स्वतःला धाप लागली होती. ऊन चढत होतं, कपाळावर घाम होता, आणि माझ्या अंगावर काटा आला. सर, पाच हजार मीटर मला आत्ता वाटून राह्यले, असं मी मनात म्हणत होते. इतकं खोल! बाप्पा, इतकं खोल पाणी, आणि आम्ही त्याला एका ओळीत लिहून मोकळे होतो.

खाणीच्या फाटकाबाहेर टाकलेल्या मातीची काळी टेकडी होती. तिथं मी थांबले. "हा तळ."

पदराची गाठ सोडून मी गोटा काढला. "हा इथं पडला होता. वरून जहाजानं तारेले बादली बांधून सोडली. तार सुटून सुटून खाली टेकाले दोन-तीन घंटे. वर घ्याले तेवढेच. कधी पाच-सात गोटे येतात, कधी नुसता चिखल. आतापर्यंत माणसाच्या हाती लागलं ते एवढंच." मग दात दाखवला, आणि त्याच्यावरचे थर, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या थराला लागलेली वर्षं. गोटा हातोहात फिरला. ज्या हातांनी रोज टनावारी मँगनीज भरलं ते हात तो गोटा अंड्यासारखा धरत होते.

शेवटी गोटा होणाऱ्या जावयाच्या हातात आला. त्यानं दातावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळला. "ताई, खोल हाये, समजलं. मानलं. पण एक दिवस काढतीनच ना?"

बाबा माझ्या शेजारी होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाले, "सांग कधीच नाई. सांग ना."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. एक शब्द बोलले असते तर तो आत गेला असता, जेठात मांडव पडला असता, बहीण पुन्हा पिठात गाणं म्हणाली असती. ‘कधीच नाही.’ सोपं होतं. आणि माझं ऐकलंही असतं त्यांनी, कारण मी शिकलेली होते. माझ्या डोळ्यांसमोर बहिणीचा चेहरा आला.

"मले माहीत नाई," मी म्हटलं.

बाबांनी कपाळावर हात मारला. "झालं!"

"खोटं नाई बोलत बाबा. कदाचित काढतीन. कधी, ते मले माहीत नाई. माह्या सराईले माहीत नाई. टाईमकीपरले तं मुळीच माहीत नाई, पाच साल म्हणो का दोन."

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, हसल्यासारखा. पण गोटा त्यानं माझ्या हातात परत दिला. "मंग तुमाले पक्कं माहीत काय हाये, ताई?"

कुचकेपणानं नाही विचारलं त्यानं. खरंच विचारलं. आणि मी त्या काळ्या टेकडीकडे पाहिलं, आणि एक गोष्ट मला एकदम आठवली. एम.एस्सी.च्या परीक्षेत मी ती एका ओळीत लिहिली होती, मार्कही मिळाले होते.

"एक माहीत हाये," मी म्हटलं. "हा गोटा वेगळा अन् आपला माल वेगळा, वाढाची तऱ्हा वेगळी. पण आपली खाण बी एका समुद्राच्या तळाशीच झाली. लय जुना समुद्र. या गोट्यातला मासा बी तेव्हा जन्माले यायचा होता. मासेच नव्हते जगात. त्या समुद्राचा गाळ तळाशी बसला, त्यात मँगनीज बसलं, मंग ते सगळं दबलं, तापलं, दगड झालं, उचललं गेलं. पाणी गेलं. तळ इथंच राह्यला." मी फाटकाआडच्या, माणसं खाली सोडणाऱ्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. "पिंजऱ्यातून तुमी रोज उतरता, ते तिथंच उतरता."

भोंगा झाला. कोणी हललं नाही. असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, भोंगा झाला आणि माणसं उभीच. वीस-पंचवीस माणसं आपापल्या पायाखालच्या काळ्या भुकटीकडे पाहत होती. एकानं वाकून चिमूटभर उचलली, बोटांत चोळली आणि फुंकली नाही, परत खाली ठेवली.

मग होणारा जावई बाबांना म्हणाला, "चला मामा, उशीर होऊन राह्यला."

"कुठं?" बाबा अजून घुश्शातच. "नाव काटाले?"

"खाली. बंद पडीन तेव्हा पाहू." आणि टाईमकीपरच्या खिडकीपुढून तो सरळ पिंजऱ्याकडे निघाला. फाटकातून मागे वळून मला म्हणाला, "घरी सांगजा, डबा नाई आणला म्हणून. संध्याकाळी तुमच्याकडेच जेवीन."

मी परत येताना तो दीड कोस एकटी चालले. चढून चालले म्हणा. घरी बहीण दारातच उभी होती. मी म्हटलं, तो जेवायला येऊन राह्यला, आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली, शनिवारपासून साठवलेलं सगळं. लग्न जेठात झालं.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. बाबा एकटेच पुढे आले, तो मागून हातपाय धुऊन येणार होता. बाबा रोज आल्या आल्या पाणी मागायचे. त्या दिवशी काहीच मागितलं नाही. ओसरीवर बसून राहिले. माय म्हणाली, काय झालं, तब्येत बरी हाये ना? त्यांनी मान हलवली. मी जवळ जाऊन बसले. माझे बाबा, ज्यांचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जायचा, ते इतके हळू बोलले की मला वाकावं लागलं.

"पोरगा होतो तेव्हापासून खाली जाऊन राह्यलो. बाई, एवढी वर्षं मी समुद्राच्या तळाशी जाऊन आलो," ते म्हणाले, "आन् मले कोणी सांगतलंच नाई."